दुसरी पेटी

साहेबांनी पाइपवाल्यांच्या चहात साखर घालू दिली नाही, तिथून सगळं बिघडायला सुरुवात झाली.

मुलांच्या रुग्णालयाच्या निधी विभागात त्या दिवशी सकाळपासून धावपळ चालली होती. खुर्च्या पुसल्या होत्या आणि भिंतीवर उतरलेला ओलीचा डाग एका हसऱ्या बाळाच्या मोठ्या फोटोने झाकला होता. प्लॅस्टिकच्या पाइपांचे कारखाने असलेले एक म्हातारे गृहस्थ पहिल्यांदाच भेटीला येणार होते. विभागात त्यांना सगळे ‘पाइपवाले’च म्हणत. अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या ऊबदार काचेच्या पेटीत ठेवतात, तशी एक पेटी त्यांच्याकडून मिळवायची होती. नवजात बाळांच्या कक्षातली एक पेटी कायमची बंद पडली होती, दुसरी मनात येईल तेव्हा चालत होती, आणि कक्षाच्या सिस्टर हल्ली एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवत होत्या.

पाइपवाल्यांना शोधून काढलं होतं माहितीबाईंनी. त्यांच्या हुद्द्याचं नाव ‘दाता-संशोधक’ असं भारदस्त होतं, पण ते फक्त पगाराच्या पावतीवर दिसे. शहरात कोणाकडे पैसा आहे, त्यातला कोण देईल, किती देईल आणि कशाने विरघळेल, हे शोधणं त्यांचं काम. त्या कोणाच्या दाराला कान लावत नसत. कंपन्यांची कागदपत्रं, लग्नाचे फोटो, निधनाच्या जाहिराती, सत्काराची भाषणं, जे लोक स्वतःहून चव्हाट्यावर मांडतात तेवढंच त्या वाचत. एवढ्यावर त्यांना परक्या घरातलं इतकं कळे की नवरा म्हणायचा, “माझंही एक टिपण काढ की एकदा.” त्यावर त्या म्हणायच्या, “तुझ्यात संशोधनासारखं आहे काय?”

या धंद्याचा नियम एकच. दात्याबद्दल सगळं माहीत असावं, पण माहीत आहे हे दात्याला कळू नये. साहेब हा नियम शिकायच्या आतच साहेब झाले होते. याआधी ते पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. माहितीबाईंनी आठवड्यापूर्वी दिलेलं टिपण त्यांनी पाहुणे जिना चढत असताना वाचलं, आणि जे नुकतंच वाचलं ते तोंडातून बाहेर पडण्यासाठी धडपडू लागलं.

“साखर नको, साखर नको!” शिपायाचा हात धरत साहेब ओरडले. “काकांची शुगर वाढलीय.”

पाइपवाल्यांनी उचललेला कप खाली ठेवला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आपल्या माणसाची खबर ठेवावी लागते, काका! गुडघा कसा आहे? डावाच ना?”

माहितीबाईंनी टेबलाखालून साहेबांच्या बुटावर चप्पल ठेवली आणि जोर दिला. बाईंना पाय ठेवायला जागा पुरत नसावी असं वाटून साहेबांनी पाय बाजूला घेतला.

“आणि धाकट्या सूनबाई आल्या का माहेराहून? येतील हो. आमच्याही घरात होतं असं. ती लाल गाडी तेवढी तुम्ही मनावर घेऊ नका, काका. मोठ्या मुलाची हौस असते एखादी.”

पाइपवाले हळूहळू उठले. डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागलं, याचाही त्यांना राग आलेला दिसला.

“माझ्या घरातलं कोण फोडतंय,” ते म्हणाले, “ते मी बघतो.”

चहा तसाच राहिला. साहेब म्हणाले, “भावनिक झाले. चांगलं लक्षण आहे.”

दुसऱ्या दिवशी पाइपवाल्यांनी ड्रायव्हरला काढून टाकलं. त्यानंतर स्वयंपाकीणबाईंना काढलं, कारण बिनसाखरेच्या चहाची गोष्ट स्वयंपाकघरातूनच बाहेर जाणार. मग दोन्ही मुलांना समोर बसवून विचारलं. मोठ्याने धाकट्याकडे बोट दाखवलं, धाकट्याने मोठ्याकडे, आणि दोघांच्या जेवायच्या वेळा वेगळ्या झाल्या. हे सगळं माहितीबाईंना कळलं, कारण ड्रायव्हर थेट त्यांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

“बाई, मी तुम्हाला काय सांगितलं?”

“काहीच नाही हो. आपण तर आज पहिल्यांदा बोलतोय.”

“मग हे तेवढं मालकांना सांगा की. माझं ते ऐकत नाहीत. त्यांच्या गुडघ्याला मी कधी हातही लावला नाही.”

त्याच वेळी सिस्टर दारात आल्या. त्या रोज येत आणि दारातच उभ्या राहत. आत यायला त्यांना कधी सवड नसे. “आली का पेटी?”

“प्रयत्न चाललाय.”

“बाळांना सांगते तसं. थोडं थांबा म्हणावं, प्रयत्न चाललाय.”

माहितीबाई पर्स उचलून पाइपवाल्यांकडे निघाल्या. पेटी तर गेल्यातच जमा होती. निदान ड्रायव्हरची नोकरी परत मिळाली तर रात्री झोप लागेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

पाइपवाल्यांनी त्यांना बसा म्हटलं नाही. त्या उभ्यानेच बोलल्या. “काका, तुमच्या घरातलं कोणी काही फोडलेलं नाही. शुगरचं तुम्ही स्वतः सांगितलंत.”

“मी? कधी?”

“कारखानदारांच्या मेळाव्यात. ‘उद्योग आणि आरोग्य’ असं भाषण होतं तुमचं. नेटवर आहे, टाळ्यांसकट.”

“आणि गुडघा?”

“बक्षीस समारंभाचे फोटो. दरवर्षी तुम्ही उजव्या पायावर भार टाकून उभे असता.”

“सूनबाई?”

“त्यांचे सगळे नवे फोटो गच्चीतले आहेत. ती गच्ची तुमची नाही. तुमच्या गच्चीत पाइप असतात.”

पाइपवाल्यांनी नकळत वर छताकडे पाहिलं. “लाल गाडी?”

“मोठ्या चिरंजीवांनी गाडीचा फोटो टाकला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी अभिनंदन लिहिलं. तुम्ही सोडून.”

“मला ते लिहिता येत नाही फोनवर,” पाइपवाले म्हणाले. आता त्यांचा आवाज कारखानदाराचा नव्हता. “बसा. अजून काय काय माहीत आहे?”

“विशेष काही नाही. धाकट्यांनी स्वतःची वेगळी कंपनी काढली, ते तर तुम्हाला…”

माहितीबाईंनी जीभ चावली. उशीर झाला होता. ते पाइपवाल्यांना माहीत नव्हतं.

ते बराच वेळ टेबलावरच्या पाइपाच्या नमुन्यातून पलीकडे बघत बसले. मग म्हणाले, “तुमची पेटी मी देतो. ड्रायव्हरला परत बोलावतो, त्या बाईंनाही बोलावतो. दर महिन्याला मला एक टिपण पाहिजे. माझ्या घराचं.”

“काका, हे आमचं काम नाही.”

“मग काय काम आहे तुमचं? माझे पैसे काढायला माझी कुंडली मांडलीत ना? आता माझ्यासाठी माझ्या मुलांची मांडा.”

माहितीबाईंनी साहेबांना विचारून सांगते असं सांगितलं. साहेब नाही म्हणतील अशी त्यांना खात्री होती. साहेबांनी टेबलावर थाप मारली. “याला म्हणतात दात्याची निगा! एकदा गिऱ्हाईक झालं की सर्व्हिसिंग चुकवायचं नाही. मी यंत्रं विकायचो तेव्हाही हेच सांगायचो.”

पेटी आली. सिस्टरांनी तीत पहिल्याच दिवशी एका जुळ्यातला एक भाऊ हलवला आणि दोघांनाही पाय पसरायला जागा मिळाली. त्या दिवशी सिस्टर पहिल्यांदा निधी विभागात आत येऊन खुर्चीवर बसल्या. “बाई, तुमचं तोंड गोड व्हायला पाहिजे,” असं म्हणून त्यांनी अ‍ॅप्रनच्या खिशातून एक चॉकलेट काढलं. माहितीबाईंनी ते खाल्लं. मग टिपण लिहायला घेतलं.

दोनेक महिन्यांनी पाइपवाल्यांचा मोठा मुलगा आला. लाल गाडी त्याने मुद्दाम लांब लावली होती.

“तुम्ही बाबांना काहीतरी लिहून देता,” तो म्हणाला.

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? बाबा हल्ली परिच्छेद पाडून बोलतात. पूर्वी नुसते ओरडायचे. परवा मला म्हणाले, ‘उपलब्ध माहितीनुसार तू मंगळवारी कारखान्यात नव्हतास.’”

माहितीबाईंनी समोरचा कागद पालथा घातला. ते वाक्य त्यांचंच होतं.

“माझी तक्रार नाही,” मुलगा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. “बाबा कोणत्या वकिलाकडे जातात, कशासाठी जातात, एवढं मला कळलं की झालं. तुम्हाला अजून एक पेटी लागतेय ना? ती माझ्याकडून. वर्षभर टिपणं द्या, पेटी घ्या.”

साहेबांनी या खेपेला थाप मारली नाही. ते नुसते भारावून बघत राहिले. “एका घरातून दोन दाते,” ते पुटपुटले. “बाई, तुम्ही सोनं आहात.”

मग माहितीबाई एकाच घराची दोन टिपणं लिहू लागल्या. बापाला मुलांबद्दल, मुलाला बापाबद्दल. दोन्हींत फक्त उघड्यावरची माहिती आणि दोन्हींत एकही खोटा शब्द नाही, एवढीच अब्रू त्यांनी स्वतःपाशी राखली होती. घरी नवऱ्याने “आज कुठे होतीस?” असं सहज विचारलं तरी त्या दचकत. पेट्या बनवणाऱ्या कंपनीकडे दुसरी पेटी नोंदवली गेली. सिस्टरांनी कोपऱ्यातलं एक कपाट हलवून तिच्यासाठी जागा केली.

घात केला तो त्या खरेपणाने. धाकट्याची कंपनी आपल्याच कारखान्याचा माल पूर्ण भावाने विकत घेते आणि आपण कधी फिरकत नाही त्या गावांत खपवते, हे पाइपवाल्यांनी टिपणात वाचलं. बाबा वकिलाकडे जातात ते कोणाचा वाटा कापायला नव्हे, तर सगळ्यांना सारखं मिळेल ना हे पुन्हा पुन्हा विचारायला, हे बाबांनीच एका सत्काराच्या भाषणात सांगून टाकलेलं मोठ्या मुलाने टिपणात वाचलं. एका संध्याकाळी मुलाच्या तोंडून वकिलाचं नाव निघालं. बापाने कपाटातून आपली टिपणं काढली, मुलाने बॅगेतून आपली काढली, आणि दोघांनी ती एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवली. धाकट्याला फोन गेला. धाकट्या सूनबाई त्याच आठवड्यात परत आल्या.

हे माहितीबाईंना शोधून काढावं लागलं नाही. अख्खं कुटुंबच एक दिवस फुलांचा गुच्छ घेऊन निधी विभागात आलं.

“बाई, तुम्ही आमचं घर जोडलंत,” पाइपवाले म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. दोन्ही सुना एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

“आता टिपणं नकोत,” मोठा मुलगा हसत म्हणाला. “आता आम्ही एकमेकांनाच विचारतो.”

“फार छान,” माहितीबाई म्हणाल्या. “आणि पेटी?”

“हां, ती.” त्याने गुच्छाची एक पाकळी सरळ केली. “ती या वर्षी जरा राहू दे. सगळे मिळून बाहेर फिरायला जायचं ठरलंय. बाबांनी कधी विमान बघितलं नाही आतून. आणि तसंही ते टिपणांचंच होतं ना? पुढच्या वर्षी नक्की बघू हं.”

फोटो काढला गेला. त्यात साहेब मधोमध होते.

संध्याकाळी सिस्टर आल्या. पुन्हा दारातच थांबल्या. “दुसरी पेटी कधी येतेय?”

“येत नाही.”

“का? भांडण झालं का त्यांच्यात?”

“नाही. मिटलं.”

सिस्टरांना काही समजलं नाही. त्यांनी समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. “जुनी ती पेटी आज बंदच पडली,” त्या म्हणाल्या. “आता पुन्हा दोघं दोघं एकीत. त्यातल्या एकाला जंतुसंसर्ग झालाय. दुसऱ्याला होऊ नये म्हणून मध्ये टॉवेलाची गुंडाळी ठेवलीय मी. टॉवेल!” गुच्छाकडे त्यांचं लक्ष गेलं. “फुलं कक्षात पाठवू नका हं. चालत नाहीत.”

त्या गेल्यावर माहितीबाईंनी टेबल आवरलं, पर्स खांद्याला लावली, दिव्याच्या बटणापर्यंत गेल्या आणि परत येऊन संगणक सुरू केला. फार शोधावं लागलं नाही. दुसऱ्या शहरातल्या एका बांधकाम कंपनीने किल्ल्या देण्याच्या समारंभाचे फोटो टाकले होते. तिसऱ्या फोटोत पाइपवाल्यांचा मोठा मुलगा आणि त्याची बायको एका नव्या दारापुढे किल्ली उंच धरून उभी होती. दारावरच्या पाटीत दोनच नावं होती. तारीख गुच्छाच्या आदल्या दिवशीची होती.

खरं होतं आणि उघड्यावर होतं. माहितीबाईंनी ते पुन्हा एकदा तपासलं. मग त्यांनी फोन उचलला, ठेवला आणि पुन्हा उचलला.

“काका, नमस्कार. म्हटलं, सकाळी गडबडीत अभिनंदन करायचं राहूनच गेलं.”

“अहो, कसलं?” पलीकडे जेवणाची भांडी वाजत होती, कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

“सगळे एकत्र आलात त्याचं. आणि मोठ्या चिरंजीवांनी तिकडे नवीन घर घेतलं, त्याचंही.”

पावलं ऐकू आली. दार लागलं आणि हसणं बंद झालं.

“अगंबाई,” माहितीबाई म्हणाल्या, “तुम्हाला माहीत नव्हतं?”

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. त्यांनी वाट पाहिली. वाट पाहणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

“बाई,” पाइपवाले शेवटी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “ती दुसरी पेटी तुम्हाला अजून लागतेय का?”

“लागतेय, काका,” माहितीबाई म्हणाल्या. “लगेच लागतेय.”