शिधये साहेबांची शिकवणी

शिधये साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते म्हशीखाली बसलेले. बाह्या वर केलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गुडघ्यांत चरवी, आणि चरवीत दुधाचा थेंब नाही. शेजारी म्हशीची मालकीण सोनाबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"वडू नका, सायेब. म्हस हाय ती, नळ न्हाई."

"मग काय करू?"

"दाबा आन् सोडा. हलक्या हातानं."

साहेबांनी दाबलं. म्हशीनं शेपूट फिरवलं आणि चष्मा शेणात गेला. मी ट्रंक घेऊन दारात उभा होतो. वीजखात्याचं वायरमन प्रशिक्षण केंद्र पौडला नुकतंच सुरू झालं होतं आणि मी, वैद्य, तिथला नवा कारकून. भीतभीतच विचारलं, "शिधये साहेब कुठे भेटतील?"

"मीच तो," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "जरा थांबा. आमचा तास चाललाय."

साहेब तेव्हा पन्नाशीला टेकलेले. खांबावर चढण्यात, तारा ओढण्यात, माणसं तयार करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. पण दर दोन-तीन महिन्यांनी ते अजिबात न येणारं काहीतरी शिकायला घ्यायचे. म्हशीच्या आधी शिवणकाम झालं होतं. गावच्या शिंप्याकडे बसून त्यांनी स्वतःसाठी लेंगा शिवला, त्याचे दोन्ही पाय डावे झाले. तो लेंगा ते घरी घालत, आणि मग जरा तिरके चालत.

"हे कशासाठी, साहेब?" मी एकदा विचारलं.

"वैद्य, शिकवणाऱ्यानं कायम कशात तरी ढ असावं. नाहीतर विसरायला होतं."

"काय?"

"न येणं कसं असतं ते."

आमच्याकडे पंधरा शिकाऊ होते, सगळे आसपासच्या गावांतले. धरण त्यांच्याच उशाला. त्याचं पाणी घाट उतरून खाली जाई, त्याची वीज होऊन मुंबईला पोचे, आणि आमच्या मंडळींच्या घरी मात्र रॉकेलची चिमणी. आता कुठे गावोगाव खांब पडायला लागले होते.

साहेबांच्या तोंडी एक वाक्य सदा असे. कुणी धांदल केली, हातातली पक्कड पाडली, की शांतपणे विचारायचे, "घाई कुणाला आहे? खांबाला तर नाही." 'चूक' हा शब्द ते वापरत नसत. तार उलटी जोडली तर म्हणत, "बरं. आता हिला काय वाटत असेल?" मग तो गडी तारेकडे असा बघत बसे, जणू ती रुसलीच आहे. पण पुढच्या वेळी नीट जोडे.

पुण्याच्या कचेरीला ही पद्धत पसंत नव्हती. तिथून एक प्रोत्साहन योजना आली. दर शनिवारी उत्तम शिकाऊ निवडायचा आणि त्याच्या छातीवर चकचकीत बिल्ला लावायचा. पहिल्या शनिवारी बिल्ला महादूला मिळाला. रविवारभर बाकीच्या चौदा जणांनी त्याला "कलेक्टरसायब" म्हणून इतकं छळलं की सोमवारी तो रडकुंडीला आला. "ह्यो बिल्ला घिऊन करायचं काय? कालवणात घालू?" दुसऱ्या आठवड्यात मी डोळ्यांनी पाहिलं, पंधराच्या पंधरा जण मुद्दाम वाईट काम करत होते. साहेबांनी बिल्ला घेतला आणि आवारातल्या सरावाच्या खांबाला लावून टाकला. "आठवडाभर सगळ्यांत स्थिर हाच राहिलाय," असा शेरा लिहून पुण्याला कागद पाठवायला मला सांगितलं. मी शेरा जरा सौम्य केला.

या पंधरांत धोंडिबा होता. वय पस्तिशीचं, जातीचा धनगर, डोंगरावरच्या वाडीतला. रोगात मेंढरं गेली म्हणून इथे आलेला. जमिनीवरचं काम त्याच्यासारखं कुणी करत नसे. एकदा दाखवलं की त्याच्या बोटांना कळायचं. पण खांबावर चार हात चढला की झाडाला पाल चिकटावी तसा चिकटायचा. डोळे मिटलेले, पिंढऱ्या लटपटताहेत. खाली आणायला दोन माणसं वर जावी लागत.

मला नवल वाटायचं. "अरे, कडेकपारी फिरलेला तू, आणि एवढ्याशा खांबाला भितोस?"

"कड्याला पाय ठिवाय जागा आसती, भावसाब. ह्यो तर निस्ता दांडा."

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. खांब चढता आला नाही तर घरी परत. धोंडिबा वाडीत सगळ्यांना सांगून आला होता, "इज म्या आणनार." आता परत कोणतं तोंड घेऊन जायचं? तो जेवेनासा झाला. मी साहेबांना म्हटलं, जरा दम भरा त्याला.

"तो आधीच घाबरलाय, वैद्य. त्यात आणखी माझी भर कशाला?"

त्याच सुमाराला साहेबांनी म्हैस सोडून पोहणं धरलं होतं. सकाळी मुळा नदीच्या डोहावर सगळी मंडळी आंघोळीला जात. साहेब पंचा नेसून पाण्यात उतरत, दोन हात मारत आणि बुडू लागले की ओरडत. खरं तर तिथे पाणी छातीएवढंच होतं. एक दिवस धोंडिबानं त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"सायेब, तुमी पवायचं सोडा. आदी हुबं ऱ्हायाला शिका."

"म्हणजे?"

"तुमाला पाण्याची भीती न्हाई. थांबाय येत न्हाई, त्येची भीती हाय. पाय खाली कसं टेकायचं त्ये कळलं की मग पवा कितीबी."

साहेब पाण्यात तसेच उभे राहिले. मिशांतून पाणी गळत होतं. मग एकदम म्हणाले, "धोंडिबा, हे तू खांबावर का करत नाहीस?"

त्या दिवसापासून धोंडिबाचं चढणं बंद झालं. साहेब त्याला फक्त उतरायला शिकवू लागले. एक पाऊल वर, कमरेचा पट्टा सरकवायचा, एक पाऊल खाली. दोन वर, दोन खाली. उतरताना पाय कुठे, पट्टा केव्हा ढिला करायचा, नजर कुठे ठेवायची. आठवडाभर तो डोक्याच्या उंचीपलीकडे गेला नाही. बाकीचे हसत, कुजबुजत. मला वाटलं, गेलं याचं काम. साहेब भाकरीचं फडकं सोडून खांबाच्या बुडाशीच जेवायला बसत आणि धोंडिबालाही बसवत.

परीक्षेच्या दिवशी पुण्याहून मोठे साहेब जीपमधून आले. हातात घड्याळ, चेहऱ्यावर घाई. एकेक जण चढून, वर तार बांधायचा चिनी मातीचा कप बसवून खाली आला. शेवटी धोंडिबा.

तो सावकाश चढला. अर्ध्यावर गेला आणि थांबला.  

"काय झालं? वेळ जातोय," मोठे साहेब म्हणाले.

"घाई कुणाला आहे? खांबाला तर नाही," शिधये म्हणाले. पण हातातल्या टोपीचा त्यांनी पार बोळा केला होता.

धोंडिबा खाली सरकला. एक पाऊल, दोन पावलं, तीन. संपलं, असं म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात महादू ओरडला, "चाललाय! वर चाललाय!" वर पाहिलं तर धोंडिबा सरळ टोकाला. त्यानं कप बसवला, तार बांधली, पट्ट्यावर मागे रेलून मोकळ्या हातांनी मुंडासं सारखं केलं, आणि शांतपणे उतरून आला.

"मध्येच खाली का आलास?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"उतराय येतंय का त्ये बगितलं, सायेब. येतंय म्हटल्यावर ग्येलो."

मोठे साहेब हसले आणि त्यांनी सही केली.  महादूनं धोंडिबाला खांद्यावर घेतलं. शिधये साहेब मात्र कुठे दिसेनात. शोधलं तर सामानाच्या खोलीत तारेच्या भेंडोळ्यावर बसलेले.

"पास झाला," मी म्हणालो.

"हो. पाहिलं." चष्मा पुसत ते म्हणाले, "वैद्य, मी पूर्वी असा नव्हतो हो. फार तापट होतो. लग्नानंतर हिला लिहायला शिकवायला बसलो. तिसऱ्या दिवशी तिनं ग उलटा काढला. मी पाटी भिरकावली. म्हटलं, तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. तिनं तुकडे गोळा केले, पदरात बांधले आणि चुलीपाशी गेली. बावीस वर्षं झाली. मी किती वेळा म्हटलं, पुन्हा बसू. ती म्हणते, मला कुठं जमतंय."

त्यांची बायको वाईकडच्या गावी सासूजवळ असे. साहेब दर आठवड्याला पत्र टाकत, पण ते दुसऱ्याच कुणीतरी वाचून दाखवणार. म्हणून त्यात नुसती पाऊसपाण्याची चौकशी.

दिवाळीनंतर काकू पंधरा दिवस पौडला आल्या. मुद्दाम सांगण्यासारखं एवढंच, की साहेबांनी त्यांच्याकडे भाकरीची शिकवणी लावली. काकू हसून बेजार. "अहो, भाकरी थापताय की धपाटे घालताय?" साहेबांच्या भाकरीला कधी कोपरे येत, कधी भोक पडे. एकदा मी दारात असताना काकू म्हणाल्या, "तुम्हालाही येत नाही असं काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं."

जायच्या दिवशी आम्ही तिघं एस.टी.ची वाट पाहत उभे होतो. गाडी आली. काकू खिडकीशी बसल्या, आणि मान बाहेर काढून, इकडेतिकडे कुणी ऐकत नाही ना हे बघून त्यांनी विचारलं, "पुढच्या पाटीवर काय लिहिलंय हो?"

"पुणे," साहेब म्हणाले.

"त्यातला पहिला कुठला?"

साहेबांनी हवेत बोटानं गिरवलं. "हा असा. प. खाली त्याला उकार."

मला वाटलं, आता णे सांगतील, काना-मात्रा सांगतील, बावीस वर्षांचं साठलेलं सगळं एका दमात सांगतील. त्यांचे ओठ हललेही. पण त्यांनी ते मिटून घेतले. काकूंनी विचारलं होतं तेवढंच त्यांनी सांगितलं.

कंडक्टरनं घंटी मारली. काकूंनी खिडकीतून हात खाली सोडला आणि गाडीच्या पत्र्यावरच्या धुळीत बोटानं सावकाश एक अक्षर ओढलं. जरा वाकडं होतं, पण प होता.

गाडी निघाली. वळणावर दिसेनाशी झाली तरी साहेब उभेच होते. ती धूळ पुण्यापर्यंत कुणी पुसली नसावी.