बिबळा, सातभाई आणि नजर

जगात जे जे नाजूक असते ते कौतुकाने मरते, हे आईइतके कोणालाच ठाऊक नसते. (माझ्या मुलाला कोणी 'गुटगुटीत' म्हटले की मी थर्मामीटर झटकून तयार.) म्हणूनच यंदा, १९८८ साली, सोनगीरच्या आमच्या महिला मंडळाने सातपुड्यातून आणलेले बिबळ्याचे रोप माझ्यावर सोपवले. हे झाड आता जंगलातही शोधावे लागते. आमच्या रोपाने मार्चमध्येच माना टाकल्या.

मंडळाने ताबडतोब शास्त्रीय तुलना हाती घेतली. बिबळा: सभापतींच्या हस्ते रोपण, तीन भाषणे, हार, फलक. परिणाम: पाने पिवळी. सातभाई पक्षी: रंग धुळीचा, आवाज वाटणीच्या भांडणाचा, सत्कार एकही नाही, दगड रोज. परिणाम: रानात, अंगणात, उकिरड्यावर नुसता सुळसुळाट.

सासूबाई भागाबाईंनी निदान केले, "बठ्ठासनी नजर लागनी शे त्याले. वंगाय नाव ठेवा."

ओंगळ नावाने नजर टळते, याचा पुरावा घरातच होता. माझा मुलगा, जन्मदाखल्यावरचा प्रफुल्ल, त्यांच्या तोंडी चिंधा आहे आणि ठणठणीत आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. बिबळ्याचे नाव उकिरडा ठेवले, खोडाला काजळ लावले, फलक भिंतीकडे फिरवला आणि टाकून बोलायच्या पाळ्या लावल्या.

निवृत्त मुख्याध्यापक लीलाधर नाना रोज फिरायला जाताना थांबत. "काय रे भिकारड्या, अजून आहेस का?"

"नाना, याच्यापेक्षा माझा खराटा हिरवा!" शेजारच्या पार्वताअक्का फाटकातूनच ओरडत.

तरी रोप वाळतच गेले. माझी झोप उडाली. शेवटी नजर दुसरीकडे वळवावी म्हणून आम्ही सातभाईंचा जाहीर सत्कार केला. रोपाशेजारी पाट, नारळ, पाण्याची परात. (शालीचा विषय पक्ष्यांच्या मापाअभावी तहकूब.) सत्कारमूर्तींनी भाषण चालू असतानाच परातीत आंघोळ केली, एकमेकांना ढकलले आणि पाण्यासकट परात रोपावर उलटवली.

आठवड्यात कोंब फुटला. नजर पक्ष्यांकडे गेल्याचे मंडळाने टाळ्यांच्या गजरात जाहीर केले. तेव्हापासून सत्कार रोज होतो आणि उकिरडा माझ्या गुडघ्याएवढा झाला आहे.

आता तुम्ही म्हणाल, अहो, आधी कोणीतरी पाणी घालायचे! हे आमच्याकडेही प्रत्येकाने म्हटले होते, तेही अगदी तुमच्यासारखेच, बसल्या जागेवरून.