महादेवची बिनक्लचची गाडी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावून खांदा चोळायचा आणि बैलाला सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या गावात हे आवतन एका पिकअपलाही मिळत होतं. महादेव गाडीखाली पाठीवर झोपायचा, गिअरबॉक्सच्या पोटावर तुपाचा हात फिरवायचा आणि हे अगदी हळू म्हणायचा. आतून उत्तर आलं असतं तरी गड्याला नवल वाटलं नसतं.

वडशापासून जवळच आमचं गाव. तलावाची मासोळी धरणं आणि विकणं हा महादेवचा धंदा. घरात तो आणि त्याची लहान बहीण कमला, दोघंच. लग्न दोघांचंही नाही झालं. कमलाचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं वाळला. काठी टेकत बाजारात जाऊन बसायची आणि भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला रडवून सोडायची. एसटीत टोपलं घेऊन चढायला तिला वेळ लागायचा, म्हणून कंडक्टर कधी कधी तिला पाहूनच घंटी मारून गाडी सोडायचा.

ही पिकअप जपानी. गडचांदूरकडे एका कारखान्याच्या उभारणीला परदेशी साहेब आले होते. साहेब गेले, गाडी राहिली, लिलाव झाला, महादेवनं घेतली. हिला क्लच नाही. पायाजवळ दोनच पट्ट्या, एक पळायची, एक थांबायची. गिअर आपल्या मनानं बदलतो. मी शाळेत फारसा गेलो नाही, पण जन्मभर ट्रॅक्टर चालवला. मी त्याला तोंडावर सांगितलं, "महादेव, जिच्यात ड्रायव्हरचा डावा पाय बसून खाते, ते गाडी नाई, आरामखुर्ची हाये."

"बसू द्या ना भाऊ," महादेव म्हणाला. "डाव्या पायानं काय गुन्हा केला?"

त्या गिअरबॉक्सचे लाड काय सांगू! रोज इंजिन गरम झालं की ते चालू ठेवूनच तो तेलाची सळई ओढायचा, पांढऱ्या फडक्यावर पुसायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. "लाल हाये. रक्त चांगलं हाये." जळका वास आला की फेरी बंद. एकदा असाच वास आला आणि गडी मटकन खालीच बसला. मग कळलं, चुलीवर कमलाची सुकट करपत होती.

गाडी पुरती थांबल्याशिवाय मागचा गिअर टाकायचा नाही. चिखलात फसली तर रेस द्यायची नाही, सगळ्यांनी उतरून माती उकरायची. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची, ही इकडच्या ड्रायव्हर लोकांची जुनी खोड. तसं करणाऱ्याला महादेव "कसाई" म्हणायचा. म्हणताना माझ्याकडेच पाहायचा.

थंडीत झाडीपट्टीतली नाटकं सुरू झाली की तो मंडळीचे पडदे वाहायचा. एकदा ऐन वेळी बॅटरी बसली. नट लोक म्हणाले, धक्का मारू. महादेव ओरडला, "ढकलून चालू नाई होत हे! फकत घाम निघते!" पण राजाला ते पटेना. मुकुट घातलेला राजा, तलवार लटकवलेला सेनापती आणि लुगडं खोचलेली राणी, सगळ्यांनी गाडी थेट तलावाच्या पाळीपर्यंत ढकलली. राजाची दाढी गळ्यात आली, गाडी मुकीच. शेवटी माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली तेव्हा राज्य पुढं सरकलं.

मग एका वर्षी गिअर सुटायला लागला. इंजिन ओरडायचं, गाडी जागीच. चंद्रपूरच्या मिस्त्रीनं सांगितलं, "याचं सामान कुठीच भेटत नाई. देशी गेरबॉक टाकू, क्लच बसवू, मोकळे व्हा." सारं गाव मिस्त्रीच्या बाजूनं. मीही म्हणालो, "बसव क्लच. माणसासारखी गाडी होईल."

महादेव माझ्यापुढं कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "क्लच बसवला त मंग हे गाडी मले काय कामाची?"

"काऊन बे? तुझे दोन्ही पाय धड हायेत."

"माझे हायेत, भाऊ."

एवढंच बोलला आणि दाराशी टेकवलेल्या कमलाच्या काठीकडे पाहत राहिला. इतकी वर्षं गाडीही दिसत होती, काठीही दिसत होती. आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मिस्त्रीच्या मागं लागून त्यानं गिअरबॉक्सचा तळ उघडवला. आतली जाळी गाळानं चोंदली होती. ती धुतली, नवं तेल भरलं आणि गिअर पुन्हा धरायला लागला. त्या उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या पोटात कमला गाडी शिकली. उजव्या पायानंच सारं काम. महादेव बाजूनं धावत ओरडायचा, "गेरबॉकच्या पोटाले तरास देऊ नोको वं!"

पण सडकेवर काही जाऊ देईना. "गेर अजून पक्का नाई." मग, "पाणी-पाऊस सरू दे." मग, "धान निघू दे."

"गेर पक्का हाये, काका," कमला मला म्हणाली. "दादाच पक्का नाई." बाजाराच्या दिवशी तो तिला न्यायचा, दिवसभर गाडीजवळ बसायचा, तिला घेऊन यायचा. ती एकटी जायला लागली तर त्यानं करायचं काय?

एक दिवस ती शिकाऊ लायसन घेऊनच आली. बाजूला पक्का लायसनवाला लागतो आणि महादेव काही तयार होईना, म्हणून मला बोलावलं. "चला काका, आरामखुर्चीत." महादेव मासोळीचं टोपलं धरून उभाच.

"ठेव ना, दादा," ती म्हणाली. त्यानं ठेवलं.

बाजारापर्यंत माझा डावा पाय क्लच शोधत राहिला. मागून एसटी आली, भोंगा वाजवायला लागली. कमलानं हात बाहेर काढला, जा म्हणाली आणि हसली. मागं बादलीत जिवंत मांगूर मासे होते. पाणी हिंदकळलं नाही, इतका गिअर गुळगुळीत.

परत आलो तर महादेव पाळीवर बसलेला. गाडी थांबली तरी उठेना. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं होतं, गडी नाचेल.

कमलानं त्याच्याकडे पाहिलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "दादा, दुसरा गेर उशिरा धरून राह्यला. तुले पाहा लागल."

तो ताडकन उठला. "चढावर का सपाटीवर?"

"दोन्हीकडं."

"तरी मी म्हणत होतो!" आणि दुपट्टा अंथरून गडी गाडीखाली शिरलासुद्धा.

जाताना-येताना मी त्या गाडीत बसलो होतो. गिअर कुठंच उशिरा धरला नव्हता. कमला काठी टेकून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. खालून महादेवनं विचारलं, "भाऊ, तुमाले जाणवलं का?"

इंजिनाच्या बाबतीत मी आजवर कोणाचं ऐकलेलं नाही. मी म्हणालो, "व्हय बे. चांगलंच जाणवलं."