गुरुदासबाबांचा दर्या

सोमवारी आमच्याकडे साखळी गावात कुणी मासे खात नाही. त्यात नवल काही नाही. सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, हे गोव्यात पाळण्यातल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. पण सोमवारी माशांनाही मासे खाऊ न देणारं घर माझ्या माहितीत एकच आहे. आमच्या शेजारच्या गुरुदासबाबांच्या घरी भिंतीत एक मोठी काचेची टाकी बसवलेली आहे आणि तिच्यात समुद्राच्या पाण्यातले रंगीत मासे आहेत. त्यांना आठवडाभर सुंगटं, म्हणजे तुमची कोळंबी, बारीक चिरून मिळतात. सोमवारी मात्र नुसतं वाळवलेलं शेवाळ. एकदा मी म्हटलं, बाब, समुद्रातला मोठा मासा लहानाला गिळताना वार बघत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तो दर्यांतलो, शिरपादा. हो घरांतलो."

मी चहा प्यायलो.

गुरुदासबाबांचा जन्म गेला मुळगावच्या खाणीवर पंप चालवण्यात. खाण खोल गेली की खड्ड्यात पाणी भरतं. ते उपसून बाहेर टाकायचं, म्हणजे खाली मशीन चालणार. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की पाणी ही आपल्या नात्यातली वस्तू आहे असा त्यांचा समज झाला. "उदकाची वळख जाय," म्हणजे पाण्याची ओळख हवी, हे त्यांचं पालुपद. पाऊस लांबला, आमटी पातळ झाली, नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, सगळ्यावर हेच. लग्नात पाण्याचा काय संबंध, असं विचारायची सोय नव्हती.

टाकीतल्या मंडळींना त्यांनी खाणीवरच्या माणसांचे हुद्दे दिले होते. एक निळा मासा दिवसभर सगळ्यांच्या अंगावर धावून जाई आणि स्वतः काही करत नसे. तो मॅनेजर. दगड साफ करत फिरणारी झिंगी फोरमन. आणि एक खेकडा, जो जुना शंख सोडून त्याहून मोठ्या शंखात घुसत असे, तो कंत्राटदार. समुद्रफुलाच्या मऊ बोटांत लपून बसणारी केशरी नवराबायको होती. त्यांना तेवढा हुद्दा नव्हता. त्यांना ते नुसतं "जोडपें" म्हणत. आमच्या गावची माणसं टाकी बघायला आली की काचेला नाक लावत आणि पाचव्या मिनिटाला हमखास विचारत, हो रवा लावन भाजलो तर कसो लागतलो? बाब त्या माणसाला दुसऱ्या खेपेला चहा विचारत नसत.

एवढा हा पाण्याच्या ओळखीचा माणूस, पण समुद्राला भयंकर घाबरतो. त्यांचं म्हणणं, खड्ड्यातलं पाणी आपण उपसलं तर संपतं, याला तळ कुठाय? टाकीसाठी समुद्राचं पाणी मात्र लागतं. मग जुन्या व्हॅनमध्ये कॅन घालून ते पेडण्याला जात, मांद्र्याच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत उभे राहत आणि जाळी सुकवणाऱ्या कुणा ओळखीच्याला गूळ लावून त्याच्याकडून कॅन भरून घेत. कळंगुट जवळ पडतं, मग एवढा वळसा कशाला, असं मी विचारलं होतं. तिथल्या पाण्याला वळण नाही, असं उत्तर मिळालं.

मांद्रे हे त्यांच्या बायकोचं, शशीवहिनींचं माहेर. भावांनी तिथलं घर विकलं, त्याचं हॉटेल झालं, आणि तेव्हापासून वहिनी तिकडे फिरकल्या नव्हत्या. बाब महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन यायचे, वहिनी दारात उभ्या राहून कॅन उतरताना बघायच्या आणि आत जायच्या. दोघंही त्यावर अवाक्षर बोलत नसत. एकूणच त्या घरात बोलणं कमी. बाब हॉलमध्ये आरामखुर्चीत आणि वहिनी स्वयंपाकघरात आदोळीवर, म्हणजे विळीवर. मधे भिंत. "च्या?" एवढा प्रश्न भिंतीपलीकडून यायचा आणि "हय" एवढं उत्तर जायचं. संसार झाला.

त्याच भिंतीला भगदाड पाडून बाबांनी टाकी बसवली होती. आम्हाला वाटलं, हॉलमधून शोभा दिसावी म्हणून.

आणि मग यंदा शिमगा झाल्यावर त्यांनी सम्पचं काढलं. सम्प म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवायची दुसरी टाकी. वरचं पाणी नळीतून खाली उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. वरच्या टाकीच्या अंगावर जी डबडी, नळ्या आणि वायरी लटकत असतात, त्या सगळ्या खाली जातात. हा शब्द बाबांना खाणीपासूनच तोंडपाठ. खड्ड्याच्या तळाशी पाणी जिथे गोळा करत, तोही सम्पच. त्यामुळे कुणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. लागेल ते सामान मात्र माझ्याकडून, कारण साखळीच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सकाळी नळीचा एक एल्बो न्यायचे, दुपारी तो परत आणून तीन तोंडांचा टी न्यायचे, संध्याकाळी टी परत आणून म्हणायचे, सकाळचाच बरा होता. गिऱ्हाइकं थांबवून मला त्यांच्या नळीचा उतार समजावून घ्यावा लागे. देवळात नवस फेडावा तसा मी ऐकत असे.

नळीसाठी काचेला भोक पाडायच्या दिवशी मासे ड्रममध्ये हलवले. बाबांच्या हातात ड्रिल आणि माझ्या हातात काचेवर पाणी सोडायची नळी. काच तडकली असती तर सगळंच संपलं असतं. ड्रिल करकरलं आणि काचेची गोल चकती अलगद माझ्या तळहातावर पडली, तेव्हा बाबांनी मला मिठी मारली. त्या चकतीचं त्यांनी पुढे काय केलं असेल? देवघरात ठेवली.

सम्प सुरू झाला. जुना फिल्टर मात्र त्यांनी इतक्यात काढला नाही. नवा पंप रुळेपर्यंत जुना हलवत नाहीत, ही खाणीची रीत. पाणी खाली उतरत होतं, वर चढत होतं, बाब आरामखुर्चीत बसून स्वतःवर खूश होते.

आणि वीज गेली.

आता गोव्यात वीज जाणं ही काही बातमी नाही. पण पंप थांबला आणि वर चढणारं पाणी उलटं फिरलं. नळीचं तोंड टाकीत खोल सोडलेलं होतं, त्यामुळे नळीने टाकीतलं पाणी शोषून खाली ओतायला सुरुवात केली. खाणीतही पंप थांबला की पाणी असंच खड्ड्यात परत यायचं, पण खड्डा एवढा अजस्र की कुणाला पत्ता लागत नसे. इथे खालचा सम्प केवढासा, आणि तोही बाबांनी काठोकाठ भरलेला. पाणी कपाटातून बाहेर आलं आणि हॉलभर पसरलं.

हॉलमध्ये काय होतं? पुरुमेंत. पावसाळ्यासाठी आम्ही मे महिन्यात जी बेगमी करून ठेवतो ती. मिरच्या, सोलं, कांदे, सुकी मासळी. वहिनींनी सगळं उन्हातून आणून पसरलं होतं. मी पोचलो तेव्हा मिरच्या सोफ्याखाली गेल्या होत्या आणि कधीचे वाळलेले बांगडे पुन्हा एकदा समुद्राच्या पाण्यात पोहत होते. टाकीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं आणि काचेमागून मॅनेजर हा प्रकार डोळे वटारून बघत होता. मला हसू आवरेना. वहिनींना मात्र आलं नाही. त्यांनी साडी खोचली, फडकं पिळलं आणि शेवटी एकच वाक्य बोलल्या.

"पावसाआदीं हें घराभायर जाय."

दुसऱ्या दिवशी बाब दुकानात आले ते काही न्यायला नव्हे. टाकी मडगावच्या दुकानदाराला परत द्यायची होती, कारण मासे त्याच्याकडूनच आणले होते, आणि नळ्या सोडवायला माझी मदत हवी होती. त्यांनी एकदाही पाण्याच्या ओळखीचं नाव काढलं नाही. माणूस बघवत नव्हता. पालुपद ऐकून मी इतकी वर्षं कंटाळलो होतो, पण त्या दिवशी ते ऐकायला मिळालं तर बरं, असं मला वाटलं.

वहिनी बाजारात नव्या मिरच्या आणायला गेल्या होत्या. आधी जुना फिल्टर काढायचा होता. तो स्वयंपाकघराच्या बाजूने लटकवलेला, कारण प्लगचा बोर्ड तिकडे. इतक्या वर्षांत मी त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच शिरलो आणि वहिनींच्या आदोळीशेजारच्या पाटावर बसलो. मान वर केली. समोर टाकी होती, पण मासे नव्हते, पोवळी नव्हती. होता तो काळा फिल्टर, फेस काढायचं उंच डबडं, हीटर, आणि मळकट नळ्यांचं जंगल. म्हटलं, बाब, इकडून तर काहीच दिसत नाही.

बाब काचेपलीकडे हॉलमध्ये उकिडवे बसले होते. तिथूनच बोलले. मांद्र्याच्या घरात वहिनींच्या आईच्या चुलीसमोर खिडकी होती आणि खिडकीत समुद्र. घर विकलं तेव्हा वहिनी घराबद्दल रडल्या नाहीत. म्हणाल्या, खिडकी गेली. म्हणून बाबांनी ही भिंत फोडली होती. टाकी बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात कधी वाकून पाहिलंच नव्हतं. यंदा वहिनी तापाने पडल्या, तेव्हा चहा करायला म्हणून आत गेले आणि या पाटावर टेकले. सम्प काढला तो त्यानंतर.

"इतलीं वर्सां तिका हांवें पंप दाखयलो, शिरपादा. आनी ती म्हणटाली, बरें आसा."

माझ्या हातात पाना होता, म्हणून मी फिल्टर काढला. मग हीटर काढला, डबडं काढलं, वायरी गुंडाळल्या आणि ओल्या फडक्याने काच पुसली. बाबांनी मॅनेजरचा अखेरचा निरोप घेत असल्यासारखा टाकीवरचा दिवा लावला.

वहिनी पिशव्या घेऊन आल्या त्या थेट मागच्या दाराने. धापा टाकत होत्या. मी पाटावरून उठलो, त्या बसल्या आणि समोर बघून तशाच राहिल्या. समुद्रफूल हलत होतं. जोडपं त्यात आत जात होतं, बाहेर येत होतं. कंत्राटदार नव्या शंखाची पाहणी करत होता. आणि या सगळ्याच्या पलीकडे, पाण्यातून जरा हलणारे, हातात पाइप कापायची करवत घेतलेले त्यांचे यजमान.

वहिनींनी पिशव्या खाली ठेवल्या.

"हें सांगूक जाय आसलें," त्या म्हणाल्या. बाब करवतीकडे बघत बसले. मग वहिनींनी पिशव्या उचलल्या. "पायप वयर घेयात. आनी पुरुमेंत हांव माळ्यार दवरतां." टाकी घरातच राहणार, हे त्यात आलं.

त्याच दिवशी नळीचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाशी आणलं आणि त्याच्या जरा वर नळीला सुईएवढं भोक पाडलं. पाणी उतरलं की भोकातून हवा शिरते आणि नळीचं शोषणं थांबतं. सम्पमध्येही जागा रिकामी ठेवली. आम्ही मुद्दाम मेन स्विच पाडला. पाणी खाली आलं, वाढलं, काठाखाली येऊन थांबलं. "उदकाची वळख जाय," बाब पुटपुटले, आणि मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. हल्ली त्या घरात "च्या?" असा आवाज येत नाही. वहिनी काचेपलीकडून कप वर धरतात, बाब मान हलवतात.

पाऊस सुरू झाला की किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं, म्हणून त्याआधी एक मोठी खेप करतात. या वेळी ड्रम होते, म्हणून माझा टेम्पो काढला. निघताना वहिनी येऊन पुढच्या सीटवर बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. मांद्र्याला हॉटेलसमोरून जाताना त्यांनी एकदाच तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आमचो माड अजून आसा.

किनाऱ्यावर त्यांनी माझ्या हातातला कॅन घेतला आणि सरळ गुडघाभर पाण्यात शिरल्या. बाब कोरड्या वाळूतून ओरडू लागले, फाटीं सर गो, उदकाची वळख जाय. वहिनी हसल्या. मी त्यांना असं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"माकाच सांगतात?" त्या म्हणाल्या, आणि वळून त्यांनी हात पुढे केला. "येयात."

बाब माझ्याकडे बघायला लागले. मी टेम्पोच्या टायरकडे. मग त्यांनी चपला काढून शेजारी शेजारी नीट ठेवल्या, पँट दुमडली, चष्मा खिशात घातला आणि एकेक पाऊल टाकत पाण्यात गेले.

कॅन शेवटी मीच भरले.