सोनोने सरांचे शंभर स्क्रू

सोनोने सर रोज संध्याकाळी पावणेसहाला देवाच्या नावानं स्क्रू मोजायचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकेक स्क्रू टण्णकन पडायचा, मुलं मोठ्यानं आकडा म्हणायची, आणि शंभरावा पडला की सर म्हणायचे, "आमेन. जा आता घरी." नव्याण्णव निघाले तर कोणी घरी जायचं नाही. एकदा एका मुलीचे वडील तिला न्यायला आले, तर सरांनी त्यांनाही बाकाखाली घातलं. "तुमचे डोये चांगले दिसतात. त्या कोपऱ्यात पाहा."

आमच्या अमरावतीच्या मिशन हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे आणि मी ऑफिसात लिपिक. ती वर्षं वाईट होती. कपाशी पिकत नव्हती, पिकली तर भाव नव्हता, आणि बोर्डिंगमधली मुलं दिवाळीला घरी गेली की परत येतीलच याचा भरवसा नव्हता. माझ्या टेबलावर शाळा सोडल्याच्या दाखल्यांसाठी अर्जांचा ढीग. अशा दिवसांत या गृहस्थाला रोबोट सुचला.

रोबोटचं नाव दावीद. जीपच्या वायपरची मोटर, खेळण्यातल्या गाडीची चाकं, आणि हात म्हणून बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून नाहीसा झालेला झारा. झाऱ्याबद्दल मी दोनदा लेखी विचारणा केली. उत्तर आलं, "मॅडम, तो आता सेवेत आहे."

टीम चौघांची. त्यात हिंदू होते, बौद्ध होते, मुसलमान होती. ख्रिस्ती एकटे सर. तरी दावीद चालू करण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटायचे. प्रार्थना लांबली की नसीम एक डोळा उघडून सेल तपासायची. दहावीतली ही नसीम अचलपूरची. तिचे वडील नासिरभाई तिथल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. वडिलांचा हात पोरीत उतरला होता. दावीद जो काही चालायचा तो तिच्यामुळे, प्रार्थनेमुळे नाही, असं माझं स्पष्ट मत.

स्क्रू शंभरच का? बायबलात मेंढपाळाची गोष्ट आहे. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, तर तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या मागे जातो. लोक ही गोष्ट ऐकतात आणि घरी जाऊन जेवतात. सरांनी ती स्क्रूंना लावली. दावीदला खरं तर ऐंशी पुरले असते. वरचे वीस सरांनी गोष्टीसाठी बसवले होते, आणि रोज संध्याकाळी दावीद सुटा करून सगळे डब्यात मोजले जायचे.

"सर, तेवढ्यात ते नव्याण्णव लांडग्यानं खाल्ले तर?" मी एकदा विचारलं.

"मॅडम, तुमी ऑफिसातच बऱ्या."

मग अकोल्याची स्पर्धा आली. टीममध्ये मुली, म्हणून सोबत बाईमाणूस हवं, म्हणून मला नेलं. एसटीत दावीदला खिडकीची जागा मिळाली आणि मला त्याच्या शेजारची.

एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये मोठमोठ्या शाळा चकचकीत यंत्रं घेऊन आल्या होत्या. आमचा झारा बघून एका पोरानं विचारलं, "काकू, हा भजे तळते काय?" पण पहिल्या फेरीत दावीदनं झाऱ्यानं सगळे चेंडू उचलून टोपलीत टाकले. अंतिम फेरीत आम्ही होतो. आमचं नाव पुकारायला पाच मिनिटं राहिली असताना सरांनी दावीदवरचे स्क्रू मोजले, इकडेतिकडे पाहिलं आणि ओरडले, "थांबा! एक स्क्रू कमी आहे. सापडल्याबिगर दावीद हलणार नाही. शोधा!"

"सर, राहू द्या ना एक!" मी म्हणाले.

"काहून राहू द्या? शोधा! मी बाहेर पाहून येतो."

मुलं टेबलाखाली घुसली. मीही पदर खोचून घुसले. नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारून परीक्षकांनी आम्हाला बाद केलं. बऱ्याच वेळानं सर आले, चिमटीत स्क्रू धरून. "सापडला," म्हणाले. मागोमाग नसीमही आली. तीही बाहेरच शोधत असेल, असं मी धरलं. ढाल दुसऱ्या शाळेला गेली. येताना मूर्तिजापूरपर्यंत मी सरांशी बोलले नाही. पुढे शाळेत वर्षानुवर्षं कोणाचं काही फिसकटलं की आम्ही म्हणायचो, "एक स्क्रू कमी असेल." सर हसायचेही नाहीत, चिडायचेही नाहीत.

स्पर्धेनंतरच्या सोमवारी नासिरभाई शाळेत आले. जिनिंग बंद पडलं होतं. "कपासच नाही तर मशीन काय करते, मॅडम? पोरीचा दाखला द्या. बहुत शिकली." रीतीप्रमाणे मी अर्ज वर्गशिक्षकांच्या शिफारशीसाठी पाठवला. वर्गशिक्षक सोनोने सर. आणि त्यांनी तो हरवला.

नासिरभाईंनी दुसरा अर्ज आणून दिला. तोही हरवला. तिसरा आणला, तेव्हा मी स्वतः सरांच्या हातात दिला. आठ दिवसांनी विचारलं, तर खिसे चाचपून म्हणाले, "इथंच तं ठेवला होता."

"एवढासा स्क्रू हरवत नाही तुमचा, आणि अख्खा फुलस्केप हरवतो?"

"माणूस आहे मॅडम. चुकते."

दर खेपेला नासिरभाईंना प्रयोगशाळेत चहा मिळायचा, आणि एखादी बंद मोटर पुढे सरकवली जायची. तोवर नसीमचा बोर्डाचा फॉर्म गेला, हॉलतिकीट आलं. शेवटी नासिरभाईच थकले. "आता देऊ द्या परीक्षा. तुमच्या हापिसात कागद टिकतच नाही." हा ठपका माझ्या ऑफिसावर. मी तो बरीच वर्षं बाळगला.

सर निवृत्त झाले त्या दिवशी नसीम अकोल्याहून आली. आता ती तिथं आयटीआयमध्ये शिकवते. तिच्या मुलींच्या टीमकडेही एक पत्र्याचा डबा आहे म्हणे. मी तिला चिडवलं, "काय गं, त्या एका स्क्रूनं आपली ढाल घालवली."

ती म्हणाली, "मॅडम, स्क्रू त्यायच्या खिशातच होता. सोमवारी अब्बा दाखला न्यायला येणार होते. म्हणून मी आधीच पळून निघाली होती, कॉलेजच्या गेटसमोरच्या एसटीच्या थांब्यावर. पोरांसमोर माझा तमाशा नको, म्हणून सरांनी तुमाले सगळ्यायले कामाला लावलं."

मुलींवर लक्ष ठेवायला मला अकोल्याला नेलं होतं. मुलगी रस्त्यावर होती आणि मी टेबलाखाली स्क्रू शोधत होते.

दुपारी मी प्रयोगशाळेचा चार्ज घ्यायला गेले. सर एकटेच होते. घरीही त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं. मी डबा उपडा केला. स्क्रू शंभर. तळाचा कागद निघाला, त्याखाली घडी घातलेले अर्ज. नसीमचे तीन, आणि आणखी चौदा मुलांचे. नावं ओळखीची होती. दहावीच्या निकालात मीच ती उतरवली होती. एक सोडून. चांदूर रेल्वेकडची वंदना. ती दिवाळीनंतर आलीच नाही, आणि तिचं नाव मीच पटावरून कमी केलं होतं. तिच्या अर्जाच्या पाठीवर पेन्सिलीनं चांदूरला जाणाऱ्या एसटीच्या वेळा होत्या. जुन्या खोडलेल्या, त्याखाली नव्या, त्याखाली आणखी नव्या.

"मोजले का, मॅडम?" सरांनी दारातून विचारलं. निरोपाचा नारळ त्यांनी पिशवीत टाकला होता.

"शंभर."

"बाकीचं लवकर करता काय? चांदूरची साडेचारची भेटली तं बरं होईल."

यादीत अजून दोन कपाटं सामान होतं. मी एकही वस्तू न पाहता खाली 'बरोबर' लिहिलं आणि सही केली.