वर्गणीत गोड

आमच्या फाट्यावरच्या वाईन क्लबात माणसं वाईनची चव घेत नाहीत, वाईन माणसांची घेते. सभासदाने तीन महिन्यांतून एकदा जायचं, हात साबणाने धुवायचे आणि उजव्या हाताचं मधलं बोट दोन पेरांपर्यंत ग्लासात बुडवून अकरा मिनिटं बसायचं. मग काय सापडलं ते वाईन सांगते आणि डेरे मॅडम लिहून घेतात. वाईनचा आवाज बारीक असतो, म्हणून मॅडम ग्लासाला कान लावून बसतात. त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीला कायम जांभळा डाग असतो.

वर्गणी वर्षाला एक चव. ती दिली की जिभेवर परत येत नाही. ती पिंपात जाते, पिंपातून बाटलीत, आणि बाटली कोणा सभासदाच्या घरी जाते. बहुतेक लोक कारलं देतात. माझ्या भावाने, खंडूदादाने, पहिल्या वर्षी कारलं दिलं. तेव्हापासून घरी कारलं केलं की तो तीनदा भाजी मागून घ्यायचा आणि सुवर्णावहिनी म्हणायची, "एवढा एक फायदा झाला बघा क्लबाचा."

दादाला क्लबातून परत येताना टिपरने उडवलं. भर दुपारी, सरळ रस्त्यावर. त्याआधी एकवीस दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता.

कारण असं. आमच्याकडे द्राक्षाची बाग छाटायची तारीख दादा ठरवायचा. मी सातवीतून शाळा सोडली, छाटणीतलं मला कळत नाही. मला गोडी कळते. काढणीच्या वेळी दादा मला बागेत फिरवायचा, मी चार मणी खायचो आणि साखर किती भरली ते सांगायचो. मीटरने मोजल्यावर तेवढीच निघायची. पण यंदा दादा दोन दिवस सासुरवाडीला गेला होता आणि शेजाऱ्यांनी छाटणी सुरू केलेली मला दिसली. मी कात्री घेतली, चार गडी बोलावले आणि बाग छाटून टाकली. आठ दिवस लवकर. कोंब फुटायला लागले आणि त्यातच पाऊस आला. घड जिरले. म्हणजे जिथे द्राक्षाचा घड निघायचा तिथे नुसती वळलेली बाळी निघाली.

दादा बोलणारा माणूस. दारात चप्पल उलटी दिसली तरी दहा मिनिटं बोलायचा. त्याने बाग बघितली, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. त्या दिवशी काही बोलला नाही आणि पुढेही नाही. मला वाटलं, बोलेल उद्या.

तेरावं झाल्यावर मी क्लबात गेलो.

"खंडू घुमरे यांची शेवटची नोंद बघायची आहे," मी म्हणालो. त्या दिवशी त्याच्यात काय सापडलं ते मला हवं होतं. माझ्यावरचा राग होता की नव्हता, एवढंच.

डेरे मॅडमनी चष्मा लावला. "मयताची नोंद घरातल्या सभासदालाच दाखवता येते. तुम्ही सभासद आहात का?"

"मी भाऊ आहे."

"भाऊ असणं हे सभासदत्व नाही. आणखी एक. त्यांनी त्या दिवशी वर्षाची वर्गणीही भरली होती. मयताची शेवटची वर्गणी आम्ही पिंपात मिसळत नाही, वेगळ्या बाटलीत ठेवतो. घरातला सभासद असेल तर त्याला देतो. नसेल तर चौथ्या महिन्यात सोडत काढतो."

"सोडतीत कोणालाही जाईल?"

"मागच्या वेळी एका मास्तरांची बाटली पिंपळगावच्या फोटोग्राफरला लागली. तो अजून मेथीची तक्रार करतो."

"बाटलीत आहे काय?"

"ते नोंदीत आहे," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढला.

घरी येऊन मी वहिनीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"तुम्ही व्हा सभासद," मी म्हणालो. "तुमचा हक्क पहिला."

"मला नाही त्या बाईला चाखू द्यायचं." ती वाईनला बाईच म्हणायची. "माझं काय सापडेल ते मला ठाऊक आहे. मॅडमने कशाला लिहायचं?"

"मग मी होतो."

"विचार करून जा भाऊजी. आधी काय द्यायचं ते ठरवा. कारलं द्या. फार तर मेथी. गोड तेवढं देऊ नका. कात्रीवर तुमचं पोट नाही, जिभेवर आहे."

"मला कळतं."

"कळतं, पण वळायच्या आत तुम्ही करून बसता."

मी आठ दिवस विचार केला. म्हणजे करायचा असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल काढली.

क्लबात चव घ्यायला थोरली असते. ती सगळ्यांत जुनी लाल वाईन आहे, तिचं म्हणणं सहसा कोणी खोडत नाही. मी बोट बुडवलं. ती गार होती. अकरा मिनिटं भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो. मॅडमनी कान लावला. खोली शांत असल्याने मलाही ऐकू येत होतं.

"काय सापडलं?" मॅडमनी विचारलं.

"खारट," थोरली म्हणाली. "वरपासून खालपर्यंत. मध्ये कच्चं आहे. अजून चाळीस दिवस झाडावर ठेवायला हवा होता."

"शेरा काय लिहू?"

"घाईचा माल."

मॅडमनी लिहिलं आणि माझी सही घेतली. "वर्गणी?"

"कारलं," मी म्हणालो.

"कारलं बंद," थोरली म्हणाली. "सगळी पिंपं कारल्याने भरलीत. मागच्या सभेत ठराव झाला."

"मग मेथी."

"मेथीही त्याच ठरावात आहे."

"मग घेता तरी काय?"

"जी गेल्यावर तुझं अडेल अशी चव. आज सांगायची गरज नाही. घरी विचारून ये."

दादाची बाटली मागच्या फळीवर दिसत होती. तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. अक्षर इतकं बारीक की मला वाचता येईना.

"गोड घ्या," मी म्हणालो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "गोड कोणी देत नाही. तुमचा बागेचा धंदा आहे ना?"

"घ्या म्हटलं ना."

थोरलीने घेतलं. दुखलं वगैरे नाही. खात्री करायला मॅडमनी गुळाचा खडा दिला. तो तोंडात विरघळला, पण भिजलेल्या मातीसारखा. मॅडमनी "मिळाले" असा शिक्का मारला आणि वही माझ्याकडे फिरवली.

मी बोट ठेवून वाचलं. मला वेळ लागतो. त्यात लिहिलं होतं:

"खंडू घुमरे. दुपारी बारा. सुरुवातीला धूळ. मध्ये भूक. शेवटी राग, एकवीस दिवसांचा, चांगला मुरलेला. वर्गणी: राग, संपूर्ण. कोणावरचा: धाकटा भाऊ गोकुळ. सभासदाचं म्हणणं: आज घरी जाऊन त्याच्याशी बोलायचं आहे, हा राग बरोबर न्यायचा नाही."

"राग वर्गणीत चालतो?" मी विचारलं.

"मीही थोरलीला हेच विचारलं," मॅडम म्हणाल्या. "ती म्हणाली, कारल्यापेक्षा बरा."

बाटली त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी ती शर्टाच्या आत घातली आणि मोटरसायकल हळू चालवली. सगळी वाहनं मला मागे टाकून गेली.

वहिनीने आधी माझं तोंड बघितलं. "गोड दिलंत."

"हो."

"वाटलंच होतं," ती म्हणाली आणि पाट मांडले.

जेवताना बाटली ताटापुढे ठेवली आणि बूच काढलं. मग दादाच्या रागाने घसा साफ केला.

"कात्री कोणाला विचारून घेतलीस?"

मी घास ठेवला.

"जेव," बाटली म्हणाली. "जेवता जेवता ऐक. शेजाऱ्याने विहिरीत उडी टाकली तर टाकशील? त्याची बाग उताराची, आपली खोलगट. पाणी कुठे थांबतं ते बारा वर्षांत बघितलं नाहीस? गोक्या, चार गडी बोलावलेस, पण एक फोन करता आला नाही?"

"चुकलं दादा."

"गप. माझं झालं नाही अजून."

वहिनीने भाकरी वाढली. बाटली बोलत होती. बागेवरून ती मोटरसायकलच्या टायरवर गेली, तिथून मी सातवीत शाळा सोडली त्यावर, तिथून चपलांवर. वहिनी मधे एकदा म्हणाली, "ते चपलांचं बरोबर आहे." जेवढं बोलणं होई तेवढी वाईन खाली जाई. पहिल्या दिवशी गळ्याखाली उतरली. चौथ्या दिवशी अर्धी राहिली. मी रोज जेवायला वेळेवर येत होतो, आणि मला रोज शिव्या मिळत होत्या.

नवव्या दिवशी तळाशी बोटभर उरली. आवाज उतरला होता.

"आता ऐक नीट," बाटली म्हणाली. "पुढच्या वर्षी छाटणीला तू..."

वहिनीने हात पुढे करून बूच लावलं आणि तळहाताने दाबलं.

मी डेरे मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, बूच घट्ट असेल तर राग वर्षभर टिकतो, उन्हात मात्र ठेवू नका.

बाटली धान्याच्या कोठीमागे ठेवली आहे. जे थोडे घड वाचले त्यांच्या काढणीला मी यंदा मीटर घेऊन फिरलो. वहिनी आकडे वाचत होती, मी मणी खात होतो, पाण्यासारखे. छाटणी सप्टेंबरात आहे. त्या दिवशी सकाळी बाटली बागेत नेऊ, बूच काढू, आणि मग कात्री घेऊ.