चष्म्याचं वजन

निरीक्षकसाहेब वजन करण्याआधी चष्मा काढत. तो बत्तीस ग्रॅम भरतो, हे त्यांनी ऑफिसातल्या तराजूवर पाहिलं होतं. बावीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासणारा माणूस घरच्या काट्यावर बत्तीस ग्रॅमचाही अन्याय सोसणार नव्हता. चष्म्याविना पायाखालचा आकडा दिसत नसे; तो बायको वाचून दाखवी.

पाच महिने, आठवड्याला एक भूक मारणारं इंजेक्शन. वजन चौऱ्याण्णववरून चौऱ्याऐंशीवर आलं. "दहा किलो," हे ते ऑफिसात कुणी न विचारताही सांगत.

आणि इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्याने ही सेवाच बंद केली. फ्रिजमध्ये एकच इंजेक्शन उरलं. साहेबांना ती जुनी भूक आठवली, जेवून हात धुतानाच पुन्हा लागणारी. त्यांनी घाईने नव्या ऑनलाइन दवाखान्याला व्हिडिओ कॉल लावला.

"जुन्या डॉक्टरांचं पत्र आहे?" नर्सने विचारलं.

"तिथे फोनच उचलत नाहीत."

"मग नवे पेशंट म्हणून घ्यावं लागेल. तुमच्या उंचीला वजन किमान सत्त्याऐंशी हवं."

साहेबांचा चेहरा पडला. तीन किलो कमी!

"बाबा, खिशात डंबेल्स घाला की," मुलगी कुजबुजली.

"वजनात खोट? मी? लोकांचे काटे जप्त करतो मी!"

"मग भूक लागली की स्वतःलाच जप्त करा."

"सर, नाकारायचं असलं तरी वजन कॅमेऱ्यावर बघावं लागतं," नर्स म्हणाली. "नियम आहे."

नियम म्हटल्यावर साहेब लगेच उठले.

"अहो, राहू द्या ना," बायको घाईने म्हणाली. "नाही म्हणाल्यात ना त्या? कशाला उगीच?"

पण साहेबांनी चष्मा काढला होता. ते काट्यावर चढले. मुलीने फोन खाली धरला.

"वाच," साहेब म्हणाले.

बायकोने फोनकडे पाहिलं.

"अगं, वाच की!"

"चौ... चौऱ्याऐंशी."

"मला अठ्ठ्याऐंशी दिसतंय," फोनमधून आवाज आला.

"तुमच्या कॅमेऱ्यात दोष आहे," साहेब ठामपणे म्हणाले. मग त्यांनी चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि खाली वाकले. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.

"पहिला महिनाभर काटा हललाच नाही," बायको हळूच म्हणाली. "तुमचं तोंड बघवेना. मग म्हटलं, आपणच थोडा हलवू."

"चार किलो?"

"एकदम नाही हो. हळूहळू."

"अभिनंदन सर, तुम्ही बसताय आमच्या नियमात," नर्स म्हणाली. "पहिलं इंजेक्शन सोमवारी येईल."

साहेबांनी काटा उलटापालटा करून पाहिला. यंत्र निर्दोष होतं. दोष वाचणाऱ्यात होता आणि त्याला सील ठोकायची तरतूद कायद्यात नव्हती.

"आता ऑफिसात काय सांगणार?" मुलीने विचारलं.

साहेबांनी थोडा विचार केला. मग चष्मा काढून, काळजीपूर्वक पुसून, खिशात ठेवला.

"दहा," ते म्हणाले.